शाहिराचे ऋण

पोवाड्यांचा आपला इतिहास हा बराचसा छापील शब्दांचा इतिहास आहे. १८९१ साली अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, म्हणून अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आज आपल्या हाती आहे. हे उपकार मोठेच. परंतु अज्ञानदास कोठे थांबत असे, डफावर थाप कोठे देत असे, हे पुस्तकातून कसे कळावे? शब्द कागदावर उतरले. गळा उतरला नाही. लोककलेची पोथी म्हणजे जिवंत माणूस, आणि माणसाला म्हातारपण आहे, भूक आहे.

शाहीर कृष्णराव साबळे यांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहावे. १९२३ साली वाईजवळच्या पसरणीत त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते अमळनेरला राहिले; तेथे साने गुरुजींचा सहवास लाभला. कला ही लोकांच्या कामी यावी, हा संस्कार तेथलाच. स्वातंत्र्याच्या व पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ गर्जला. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' यांसारख्या मुक्तनाट्यांनी मुंबईच्या कष्टकऱ्याला हसवले आणि विचारही करायला लावले.

एवढ्यावर थांबते तरी नाव झालेच असते. पण दारी येणाऱ्या वासुदेवाला सुपातून धान्य घालणारे गाव बदलत चालले होते. गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूडकार यांचे पोट ज्या रीतीवर चाले, ती रीतच सुटू लागली होती. साबळ्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी करून हे प्रकार रंगमंचावर आणले. देवघरापुढचा गोंधळ तिकिटाच्या खेळात आला की त्यातला देव हरवतो, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. देवापुढची रात्र आणि नाट्यगृहातली दहा मिनिटे एक नव्हेत. मात्र ज्याला ती रात्र कधी लाभलीच नाही, अशा शहरी मुलाने संबळाचा ठेका शिकावा कोठे? लोकधारा ही त्याची शाळा झाली. केदार शिंदे, भरत जाधव, अंकुश चौधरी हे पुढे नाट्य-चित्रसृष्टीत गाजलेले कलावंत याच तालमीतून गेले.

शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते की आपण कोणाकडून शिकलो. म्हणूनच शाहीर साबळे प्रतिष्ठानाने लोककलांच्या जतनाबरोबर वृद्ध, निराधार कलावंतांच्या आसऱ्याचेही कार्य अंगावर घेतले. याला दानधर्म म्हणण्यापेक्षा ऋणफेड म्हणावे. ज्याच्या गळ्यात चाल आहे, तो उपाशी गेला तर चालही त्याच्याबरोबर गेली.

१९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते निवर्तले. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि साबळ्यांनी गायिलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली राज्यगीत झाले. अज्ञानदासाच्या वाट्याला जे आले नाही, ते साबळ्यांना लाभले: त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकेत राहिला आहे. त्या गीताला आपण उभे राहतो, ते योग्यच. पण एखादा म्हातारा गोंधळी संबळ काखेला मारून आपल्या गल्लीतून जाईल, तेव्हा त्याला दोन घटका बसवून घ्यावे, त्याचे ऐकावे, आणि रिकाम्या हाताने पाठवू नये. एवढे तरी या शाहिराकडून आपण शिकावे.