माहेरपण, फुटबॉल आणि पाच हजार ओंडके

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये साधारण ऑक्टोबरच्या आसपास ‘होमकमिंग’ नावाचा एक प्रकार असतो. मराठीत याला जवळचा शब्द शोधायचा तर मला तरी ‘माहेरपण’च सुचतो. पास होऊन दहा-वीस-चाळीस वर्षं झालेली मंडळी शनिवारची फुटबॉल मॅच बघायला आपल्या कॉलेजच्या गावात परत येतात. मिरवणूक निघते, बँड वाजतो, जुन्या होस्टेलसमोर फोटो काढले जातात. मॅच हे निमित्त. (फुटबॉल म्हणजे अर्थातच त्यांचा, हातात धरून पळायचा.)

ही परंपरा पहिल्यांदा कुणी सुरू केली यावरून तिथे भांडणं आहेत. बेलर विद्यापीठ १९०९ म्हणतं, इलिनॉय १९१० आणि मिझुरी १९११. मला मिझुरीची गोष्ट आवडते, कारण तिच्यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. मिझुरी विरुद्ध कॅन्सस ही मॅच आधी कॅन्सस सिटीत, म्हणजे मोठ्या शहरात व्हायची. मग नियम आला की मॅचेस कॉलेजच्या आवारातच झाल्या पाहिजेत. आता कोलंबियासारख्या लहान गावात मैदान भरायचं कसं? तेव्हाचे ॲथलेटिक डायरेक्टर चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ म्हणून आवतण धाडलं. दहा हजारांच्या आसपास लोक आले! मॅच ३-३ अशी बरोबरीत सुटली. तिकडे कॅन्ससच्या लॉरेन्स गावात हजारभर लोक थिएटरात जमून तारेने येणाऱ्या बातम्यांवर मॅच ‘बघत’ होते. म्हणजे क्रिकइन्फोवर रिफ्रेश मारत बसणारे आपण काही पहिले नव्हे.

तर मुद्दा असा, की आज जिच्या आठवणीने लोकांचे गळे दाटून येतात ती परंपरा एका अगदी रोखठोक अडचणीवरचा तोडगा म्हणून सुरू झाली. यात वाईट काहीच नाही. पण मूळ अडचण विसरली गेली की परंपरा कशी वाढत जाते, याची एक गोष्ट मला सांगायची आहे आणि ती मिझुरीची नाही.

मोठ्या मॅचच्या आधी रात्री मोठी शेकोटी पेटवायची पद्धत बऱ्याच कॉलेजांत होती. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे टेक्सास ए अँड एमची बॉनफायर. ही होमकमिंगसाठी नसे, तर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास टेक्सास विद्यापीठाविरुद्ध होणाऱ्या मॅचसाठी. माझ्या एका जुन्या टीममध्ये या कॉलेजचा माणूस होता. (यांना ‘ॲगी’ म्हणतात.) बोटात कॉलेजची जाडजूड अंगठी. टेक्सास विद्यापीठाचं नाव हा गृहस्थ कधी नीट घ्यायचा नाही, ‘टी.यू.’ म्हणायचा. बॉनफायरचा विषय निघाला की मग जेवणाची सुट्टी संपली तरी थांबायचा नाही. आणि त्याचं एक पालुपद असायचं, ‘आम्ही हे कायम असंच करत आलो.’

या ‘कायम असंच’ची मला उत्सुकता लागली आणि मी वाचत गेलो.

कँपसवरची पहिली बॉनफायर १९०९ची. ती कसली होती? कचरा, खोकी, सापडेल ते लाकूड. १९३५ मध्ये पोरांनी एका शेतकऱ्याचं अख्खं गोदाम ओंडका-ओंडका करून पळवलं. (होळीला शेजाऱ्याचं फाटक पळवणाऱ्यांनी मान खाली घालावी.) शेतकऱ्याची तक्रार आल्यावर कॉलेजने शहाणपणा करून हा उद्योग अधिकृत केला आणि कुऱ्हाडी, करवती, वाहतूक स्वतःच पुरवायला सुरुवात केली. १९४० च्या दशकात कचरा जाऊन ओंडके आले. १९६३ मध्ये रचून तयार होती, पण केनेडींचा खून झाला आणि ती न पेटवता उतरवली गेली. १९६९ मध्ये उंची १०९ फुटांवर गेली, तो विक्रमच झाला. आसपासच्या इमारतींना धोका नको म्हणून मग ५५ फुटांची मर्यादा आली.

आणि १९७८ च्या सुमारास आकार बदलला. आधी ती तंबूसारखी असे, म्हणजे ओंडके मधल्या खांबावर तिरपे टेकवलेले आणि बुडं जमिनीवर. नवी रचना लग्नाच्या केकसारखी, मजल्यावर मजला. खालच्या मजल्याचे ओंडके जमिनीवर उभे, त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्याचे उभे, त्यावर तिसरा. मधला खांब दोन खांब जोडून केलेला. सगळ्यात वर टेक्सास विद्यापीठाच्या भगव्या रंगात रंगवलेला संडास! (विनोदबुद्धी सगळ्या होस्टेलांत सारखीच.)

आता बघा. ‘कायम असंच’ म्हणणाऱ्याच्या आठवणीतली बॉनफायर फार तर वीस वर्षांची होती. प्रत्येक पिढीला वाटत होतं की आपण आजोबांचीच परंपरा पुढे चालवतोय, आणि प्रत्येक पिढी त्यात काहीतरी बदलत होती. कॉलेज इंजिनिअरिंगसाठी नावाजलेलं. पण एवढ्या मोठ्या बांधकामाचा लेखी आराखडा नव्हता. सीनिअर ज्युनिअरला दाखवणार, ज्युनिअर पुढच्या वर्षी सीनिअर होणार, की झालं. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. मूळ लिहिणारा कंपनी सोडून गेलेला, कॉमेंट एकही नाही आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’.

धोक्याची घंटा वाजली नव्हती असंही नाही. १९९४ मध्ये पावसाने जमीन भिजली आणि ढिगारा कलून कोसळला. पोरांनी दिवसरात्र खपून तो पुन्हा उभा केला. ही गोष्ट पुढे अभिमानाने सांगितली जायची. नॉस्टॅल्जियाची ही खोड मला सगळ्यात घातक वाटते. अपघाताची आठवण पराक्रमाची आठवण म्हणून साठवली जाते.

१८ नोव्हेंबर १९९९, गुरुवार, पहाटे २ वाजून ४२ मिनिटं. शेवटच्या दोन आठवड्यांत काम चोवीस तास चाले, त्यामुळे तेव्हाही पन्नासच्या वर मुलं-मुली ढिगाऱ्यावर होती. पाच हजारांच्या आसपास ओंडके कोसळले. १२ जण गेले, त्यातले ११ शिकत होते आणि एकजण नुकताच पास झालेला. २७ जखमी. खाली माणसं अडकलेली, त्यामुळे यंत्रं बेधडक लावता येईनात. बरेच ओंडके माणसांनी हाताने हलवले. फुटबॉलची टीम प्रॅक्टिस सोडून ओंडके उचलायला आली.

पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि २ मे २००० ला त्याचा अहवाल आला. दारू, घातपात, तुटलेला मधला खांब अशा ज्या अफवा उठल्या होत्या, त्यातलं काहीच मूळ कारण नव्हतं. खरं कारण सुताराला लगेच कळेल. दुसऱ्या मजल्याच्या ओंडक्यांची बुडं पहिल्या मजल्याच्या ओंडक्यांमधल्या फटींत ठोकून बसवली होती. म्हणजे पाचर. पाचर काय करते? बाहेर ढकलते. पहिल्या मजल्याला धरून ठेवायला होती फक्त बांधायची तार आणि तिची ताकद पुरली नाही. पिंपाच्या पट्ट्या तुटल्यावर फळ्या पसरतात, तसं झालं. त्यात जमिनीला उतार. आणि आधीच्या वर्षांत पहिल्या मजल्याभोवती पोलादी दोर गुंडाळत असत, तो १९९९ मध्ये गुंडाळलाच नव्हता.

मी या वाक्यावर बराच वेळ थांबलो होतो. तो दोर कशासाठी आहे हे कुठे लिहिलेलं असतं तर?

आयोगाने कुणा एका विद्यार्थ्याच्या डोक्यावर खापर फोडलं नाही, ते मला योग्य वाटतं. कित्येक वर्षांचे छोटे छोटे निर्णय साठत गेले, आणि परंपरेवरच्या प्रेमामुळे धोका कुणाला दिसलाच नाही, असा एकंदर सूर. आपल्याकडचे काही अहवाल वाचलेल्या माणसाला हा अहवाल फारच सरळ वाटतो.

२६ नोव्हेंबरला मॅच झाली. टेक्सास विद्यापीठाने आपली हेक्स रॅली रद्द करून दोन्ही कॉलेजांची एकत्र सभा घेतली होती. हाफटाइमला त्यांच्या बँडने श्रद्धांजलीची धून वाजवली आणि टोप्या काढल्या. ज्यांचं नावही नीट घ्यायचं नाही, त्या ‘टी.यू.’च्या बँडने! ए अँड एमने मॅच २०-१६ ने जिंकली.

२००४ मध्ये त्याच जागी स्मारक झालं. वर्तुळात १२ कमानी आहेत, प्रत्येक कमान त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेला तोंड करून. मधल्या २७ शिळा जखमींसाठी.

बॉनफायर मात्र पूर्ण मेली नाही. २००२ पासून काही विद्यार्थी ती कँपसबाहेर, कॉलेजच्या परवानगीशिवाय करतात. पण आता इंजिनिअरने तपासलेला आराखडा असतो आणि प्रत्येक ओंडक्याचं बूड जमिनीवर टेकलेलं असतं. मजल्यावर मजला नाही. गंमत म्हणजे ही रचना १९७८ च्या आधीच्या तंबूच्या जास्त जवळची आहे, त्यामुळे ‘खरी परंपरा’ कुणाकडे आहे यावर वाद घालायला भरपूर वाव आहे.

दरम्यान ए अँड एमने लीग बदलली आणि २०११ नंतर ही मॅचच बंद पडली. ती २०२४ मध्ये परत सुरू होणार म्हटल्यावर जुन्या मंडळींना उमाळे आले. बॉनफायर कँपसवर परत आणावी, अशी शिफारसही एका समितीने केली. अध्यक्ष मार्क वेल्श यांनी जूनमध्ये नाही म्हणून सांगितलं. पुष्कळ माजी विद्यार्थी नाराज झाले. मला त्यांचं दुःख खोटं वाटत नाही. थंडीत रात्रभर मित्रांबरोबर ओंडके वाहण्यात जे मिळतं ते क्लासरूममध्ये मिळत नाही, हे होस्टेलात राहिलेल्या कुणालाही पटेल. तरी माझं मत वेल्श यांच्या बाजूने आहे. कॉलेजचं नाव लागलं की आकार वाढतो, आकार वाढला की अभिमान वाढतो, आणि मग ‘तार पुरेल ना?’ असं विचारणारा पोरगा भित्रा ठरतो.

३० नोव्हेंबर २०२४ ला काइल फील्डवर मॅच झाली. स्टेडियम खचाखच भरलं होतं. टेक्सासने १७-७ ने जिंकली.