टाकाऊ सायकल, टिकाऊ आधार
खास प्रतिनिधी

बसभाड्यापुरतेही पैसे ज्याच्या खिशात नाहीत, त्याचे शहर पायी चालता येईल तेवढेच असते. दवाखाना, शाळा, रोजगार यांचा प्रश्न अखेर भाड्यापाशी येऊन अडतो. श्रीमंत देशांत धूळ खात पडलेल्या सायकली दुरुस्त करून अशांच्या हाती देण्याचे काम काही संस्था करीत आल्या आहेत. या कामाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

मोफत सायकल : जेम स्टाइन यांनी २०१३ मध्ये लंडनमध्ये 'द बाइक प्रोजेक्ट' ही संस्था स्थापन केली, ती निर्वासितांसाठी. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांना अर्जाचा निर्णय होईपर्यंत सहसा नोकरी करता येत नाही. निर्धनांना सरकारी भत्त्यावरच भागवावे लागते. २०१९ मध्ये हा भत्ता आठवड्याला ३७.७५ पौंड होता, तर लंडनच्या बसचा साप्ताहिक पास २१.२० पौंडांना मिळे. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम प्रवासातच संपणार! वकिलाचे कार्यालय वा इंग्रजीचा वर्ग दूर असला, की पोटाला चिमटा घेणे आले. संस्थेने अशांना हेल्मेट, दिवे आणि कुलपासह सायकली दिल्या. सायकल चालविण्याची संधी कधीच न मिळालेल्या स्त्रियांसाठी वर्गही घेतले.

अल्प किमतीची सायकल : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात डेव्हिड श्वायडनबॅक यांनी १९९१ मध्ये 'पेडल्स फॉर प्रोग्रेस' सुरू केली. इक्वेडोरमध्ये स्वयंसेवक असताना त्यांचा घरमालक असलेला सुतार सायकलमुळे इतरांपेक्षा अधिक कामे मिळवितो, हे त्यांनी पाहिले होते. पहिल्या सायकली निकाराग्वाला रवाना झाल्या. हँडल वळवून व पेडल काढून एका मोठ्या कंटेनरमध्ये चारशेहून अधिक सायकली बसविल्या जातात. तेथील सहयोगी संस्था त्या दुरुस्त करून स्वस्तात विकते. त्या पैशातून पुढील कंटेनरच्या खर्चाला हातभार लागतो आणि स्थानिक कारागिरांना रोजगार मिळतो.

दुरुस्ती कोणती? : चाकाचा आउट काढणे, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब व गंजलेली साखळी बदलणे, छर्रे साफ करून ग्रीस भरणे ही नेहमीची कामे. सांगाड्याला तडा गेला असेल, तर ती सायकल सुट्या भागांसाठीच वापरणे श्रेयस्कर.

खरी कसोटी वाटपानंतर लागते. परदेशी मापाचा टायर गावात मिळाला नाही, तर चांगली सायकलही पहिल्या मोठ्या बिघाडानंतर पडून राहते. म्हणूनच किती सायकली वाटल्या, यापेक्षा त्यांतील किती वर्षभराने रस्त्यावर आहेत, हे विचारणे अधिक महत्त्वाचे. त्यासाठी सायकलीबरोबर सुटे भाग, अवजारे आणि त्या गावातच दुरुस्ती करणारा एक माणूस तयार व्हावा लागतो.