मान्रेसाचे अकरा महिने

ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवालयाच्या बांधकामाचा, घंटांचा आणि दानशूर गृहस्थांचा इतिहास यावा हे योग्यच आहे. परंतु ज्या आत्म्यांसाठी देवालय उभारावयाचे, त्यांच्याही लढाया होतात, आणि त्यांची नोंद सहसा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. अशा एका लढाईची हकिकत मात्र ती लढणाऱ्याच्याच तोंडून उतरून घेतलेली आहे. रोम शहरी १५५३ ते १५५५ या काळात संत इग्नेशियस लोयोला यांनी आपले पूर्वायुष्य लुईश गोन्साल्व्हिश द कामरा या येशूसंघीय धर्मगुरूंस सांगितले. त्यातील मान्रेसाचा भाग आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

इनिगो (हेच त्यांचे मूळ नाव) १४९१ साली स्पेन देशाच्या बास्क प्रांतात लोयोला येथील गढीत जन्मास आले. शस्त्रे, मानमरातब आणि दरबारी स्त्रियांची मर्जी यांतच त्यांचे तारुण्य गेले. ता. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यात फ्रेंचांच्या तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे बसून वर आले, तेव्हा तंग बूट घालता यावेत एवढ्याकरिता त्यांनी ते करवतीने कापवून घेतले. गुंगीचे औषध त्या काळी नव्हते. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचावयास वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या; घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतांची चरित्रे हाती आली. तेथे त्यांस एक सूक्ष्म गोष्ट उमगली. ऐहिक वैभवाचे मनोराज्य करीत असता गोड वाटे, परंतु ते सरले की मन कोरडे पडे. संतांप्रमाणे वागावे या विचाराचा आनंद मात्र विचार संपल्यावरही मागे राही.

१५२२ च्या मार्च महिन्यात ते माँतसेरात येथील पवित्र मरियेच्या मठात गेले. तीन दिवस घेऊन त्यांनी साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन (आमच्या आजीबाया त्यास कुमसार म्हणत) लेखी केले, आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली, आणि ता. २४ मार्चची रात्र माउलीच्या वेदीपुढे जागून काढून तलवार तेथेच ठेविली. कित्येक चरित्रकार येथून एकदम पुढील पराक्रमांकडे धावतात. वाचकाची त्यामुळे मोठी हानी होते, कारण तलवार ठेविल्यानंतरच खरी झुंज सुरू झाली.

जवळच्या मान्रेसा गावी थोडे दिवस राहावे या बेताने ते गेले आणि सुमारे अकरा महिने राहिले. भिक्षा मागून खावे, मांस व मद्य वर्ज्य करावे, केस व नखे वाढू द्यावी, रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करावी असा क्रम होता. पहिला मोह अगदी साधा आला. अजून सत्तर वर्षे जगावयाचे आहे, एवढा काळ हे कष्ट सोसणार कसे, असे मन विचारू लागले. यावर त्यांनी मोह घालणाऱ्यासच उलट विचारले की, एका तासाच्या आयुष्याची तरी हमी तू देतोस काय? तो मोह तेथेच विरला.

दुसरा इतका सोपा नव्हता. माँतसेरात येथे एखादे पाप सांगावयाचे राहिले असेल काय, या शंकेने त्यांस ग्रासले. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करावे, आणि उठल्याबरोबर नवी शंका यावी. लॅटिन भाषेत या आजारास जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा असा आहे. पायतणात खडा शिरलेला माणूस चालतो खरा, पण पावलोपावली कळवळतो. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगावे असे धर्मगुरूंनी बजाविले. परंतु यांस सगळेच स्पष्ट वाटे. ते त्या वेळी डॉमिनिकन मठातील एका खोलीत राहत होते. तेथील मोठ्या विवरात स्वतःस लोटून द्यावे असा विचार वारंवार येऊ लागला. देवा, तुझा अपराध होईल असे काही मी करणार नाही, अशा अर्थाचा आक्रोश करून ते त्या विचारास थोपवीत. पुढे देवाने सोडवावे म्हणून त्यांनी रविवारपासून रविवारपर्यंत अन्न वर्ज्य केले. धर्मगुरूंस हे कळताच त्यांनी उपवास मोडण्याची आज्ञा केली, आणि इग्नेशियस यांनी ती पाळली.

आमच्या मते या हकिकतीचे मर्म येथे आहे. ज्या मनुष्याने हाड कापताना हूं की चूं केले नाही, त्यास निर्धार कमी होता असे कोण म्हणेल? तरी निर्धाराने तो सुटला नाही. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी शंका पुन्हा उसळल्या आणि या सर्व जीवनाचाच वीट आला. तेव्हा झोपेतून जागे व्हावे तसे त्यांचे डोळे उघडले. हे विचार कोठून येतात व कोठे नेतात ते पाहून, मागची पापे पुन्हा सांगावयाची नाहीत असे त्यांनी ठरविले, आणि ते मुक्त झाले. ही सुटका प्रभूच्या दयेने झाली, असेच ते अखेरपर्यंत मानीत. पुढे कार्दोनेर नदीच्या काठी पाण्याकडे पाहत बसले असता त्यांस असा ज्ञानप्रकाश लाभला की, साऱ्या आयुष्यात मिळालेले ज्ञान एकत्र केले तरी त्याची बरोबरी होणार नाही, असे त्यांनी सांगून ठेविले आहे.

या अनुभवांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. पोप तिसरे पॉल यांनी त्यास ता. ३१ जुलै १५४८ रोजी मान्यता दिली. मन उदास व कोरडे असता पूर्वीचा सन्निर्णय बदलू नये, उलट प्रार्थना वाढवावी, असा त्यात नियम आहे. सैतान किल्ल्याभोवती फिरून तटाची कमकुवत बाजू हेरणाऱ्या सेनापतीसारखा असतो, असेही म्हटले आहे. वसईचा पडका कोट पाहिलेल्या आमच्या वाचकांस ही उपमा फोड करून सांगावयास नको. हीच साधना १५३४ साली पॅरिस येथे संत फ्रान्सिस झेवियर यांनी केली. ते १५४२ साली गोव्यास उतरले व १५४८ साली वसईसही येऊन गेले.

झेवियर यांचे खोलीतील सोबती पीटर फाव्र हे सॅव्हॉय प्रांतातील शेतकरी कुटुंबातले. त्यांसही त्याच शंकांचा खडा टोचत असे. इग्नेशियस यांनी त्यांस घाईने साधनेस बसविले नाही. सुमारे चार वर्षे धीराने वाट पाहिली. १५३४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात फाव्र साधनेस बसले. एके दिवशी इग्नेशियस भेटावयास गेले तो, सहा दिवस अन्न नाही व खोलीत विस्तवही नाही असे त्यांस समजले. ते देवळात जाऊन प्रार्थना करून परतले आणि त्यांनी फाव्र यांस विस्तव पेटवून जेवण्यास सांगितले. त्याच वर्षी ता. ३० मे रोजी फाव्र यांस गुरुदीक्षा मिळाली. ता. १५ ऑगस्ट रोजी मोंमार्त्र येथे सात सोबत्यांनी व्रत घेतले तेव्हा पवित्र मिस्सा त्यांनीच अर्पिला. कारण त्या वेळी सातांत धर्मगुरू ते एकटेच होते.