पेनिसिलिनचा कारखाना आणि बुरशीची पेशी : विकरांच्या स्थानव्यवस्थेच्या शोधाचा इतिहास

इंद्रायणीकाठचे चिखली हे हवेली तालुक्यातील गाव इ. स. १९५५ मध्ये शेतीवर जगणारे होते. तेथून काही मैलांवर, पिंपरी येथे, त्याच वर्षी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कंपनीची स्थापना १९५४ सालची. पुढे या माळावर औद्योगिक वसाहत पसरत गेली आणि १९९७ साली चिखलीही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आली. या औद्योगिक इतिहासाला समांतर असा एक दुसराही इतिहास आहे. तो बुरशीच्या एका पेशीत घडणाऱ्या कार्याच्या उलगड्याचा होय.

पेनिसिलिनच्या कारखान्यात मोठ्या बंद टाक्यांतून बुरशीचे संवर्धन केले जाते. तिला शर्करा, नत्रयुक्त पोषणद्रव्ये व निर्जंतुक हवा पुरवावी लागते. शिवाय फेनिल ॲसेटिक अम्ल नावाचे द्रव्य बेताबेताने घालावे लागते. ते कमी पडले तर पेनिसिलिन-जी पुरेसे तयार होत नाही. फार झाले तर बुरशीलाच अपाय होतो. हे सारे अनुभवाने व प्रयोगाने ठरलेले होते. परंतु घातलेले अम्ल पेशीत नेमके कोठे जाते, कोणते विकर त्याला पेनिसिलिनच्या घडणीत जोडते आणि ते विकर पेशीत कोठे वसते, या प्रश्नांची उत्तरे १९५५ साली जगात कोणापाशीही नव्हती.

त्या काळी पेशीच्या अंतरंगाचे चित्रच नुकते रेखाटले जात होते. बेल्जियममधील क्रिस्तियां द द्यूव यांनी १९४९ च्या सुमारास यकृताच्या लगद्यातील एका विकराचे मापन केले, तेव्हा त्याची क्रिया अपेक्षेहून फारच मंद आढळली. तोच लगदा काही दिवस शीतपेटीत राहिल्यावर मात्र ती पुष्कळ वाढली. विकर एखाद्या पापुद्र्याच्या पिशवीत कोंडलेले असावे व पिशवी विरल्यावर ते मोकळे होत असावे, असे अनुमान त्यांनी काढले. या पिशव्यांना त्यांनी १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव दिले, म्हणजे पिंपरीच्या टाक्या ज्या वर्षी चालू झाल्या त्याच वर्षी. पेरॉक्सिसोम हे दुसऱ्या प्रकारच्या पिशव्यांचे नावही त्यांनीच पुढे रूढ केले.

विकरे पिशव्यांत असतात हे कळले, पण ती तेथे पोहोचतात कशी? प्रथिने तर बहुतांशी पेशीच्या सर्वसाधारण द्रवातच घडवली जातात. गुंटर ब्लोबेल व डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये असे सुचविले की, प्रथिनाच्या साखळीतच त्याच्या मुक्कामाचा संकेत कोरलेला असावा. ब्लोबेल व डोबरस्टाइन यांच्या १९७५ च्या प्रयोगांनी या कल्पनेस भक्कम आधार मिळाला आणि तिच्यासाठी ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यांनी अभ्यासिलेला संकेत साखळीच्या आरंभी असतो व पुष्कळदा काम झाल्यावर छाटला जातो.

पेरॉक्सिसोमांची रीत मात्र निराळी निघाली. कॅलिफोर्नियात संशोधन करणारे भारतीय वंशाचे सुरेश सुब्रमणी व त्यांचे सहकारी यांनी काजव्याच्या प्रकाशोत्पादक विकराचा अभ्यास केला. सेरीन, लायसीन व ल्यूसीन या तीन ॲमिनो अम्लांची साखळीच्या शेवटी असलेली शेपटीच त्या विकराला पेरॉक्सिसोमात पोहोचविते, असे त्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले. ही शेपटी छाटली जात नाही; तिच्यात थोडा फेरफारही चालतो.

येथे हा इतिहास पुन्हा पेनिसिलिनकडे वळतो. पेनिसिलिनची घडण तीन टप्प्यांत होते. प्रथम तीन ॲमिनो अम्ले जोडली जातात. नंतर त्या जोडणीतून पेनिसिलिनचे मूळ वलय तयार होते. आणि अखेर त्याची एक बाजू काढून तेथे फेनिल ॲसेटिक अम्लाचा अंश बसविला जातो. पहिली दोन कामे पेशीच्या द्रवात होतात. तिसरे काम करणारे विकर पेरॉक्सिसोमात असते, हे डच संशोधकांनी १९९१ मध्ये दाखविले. ३५७ ॲमिनो अम्लांच्या या विकराच्या टोकाशी ॲलानीन, आर्जिनीन व ल्यूसीन अशी शेपटी आहे. फेनिल ॲसेटिक अम्लाला या कामासाठी सिद्ध करणारे विकरही तेथेच राहते.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या विकराची केवळ ती तीन टोकाची अम्ले वगळण्यात आली. विकर तयार झाले. परीक्षानळीत ते कार्यक्षमही ठरले. परंतु ते पेशीच्या द्रवात व रिक्तिकेत भरकटले आणि बुरशीने पेनिसिलिन निर्माण केले नाही. अवजार धड होते, कारागीर मात्र दुसऱ्याच घरी गेला होता. उलट, ज्या बुरशीत कार्यक्षम पेरॉक्सिसोमच नाहीत, तिच्यात पेनिसिलिन अगदीच थांबत नाही, केवळ त्याचे प्रमाण घटते, असे पुढील संशोधनात आढळले. अशा पेशीत दोन्ही विकरे एकाच द्रवात राहतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. यावरून असे म्हणता येईल की, स्थानाचे महत्त्व मुख्यतः सहकारी विकरांच्या सान्निध्यात आहे.

अधिक उत्पन्न देणाऱ्या औद्योगिक वाणांत पेरॉक्सिसोमांची संख्या वाढलेली आढळते. ज्यांनी उत्परिवर्तन व निवड यांच्या बळावर हे वाण घडविले, त्यांनी केवळ उत्पन्न मोजले होते; त्या निवडीबरोबर पेशीची खोलीही नकळत वाढविली गेली. कारखान्याने शास्त्राच्या आधी मजल मारल्याचे हे उदाहरण होय.

या इतिहासाला आज व्यावहारिक अर्थही आहे. पिंपरीने ज्या स्वावलंबनाचा आरंभ केला, ते पेनिसिलिन-जीच्या बाबतीत टिकले नाही. स्वस्त चिनी मालापुढे देशी उत्पादन मागे पडले. २०२० साली केंद्र सरकारने मूळ औषधद्रव्यांच्या उत्पादनास प्रोत्साहन देण्याची योजना आखली, तेव्हा तिच्या यादीत पेनिसिलिन-जीचा समावेश करावा लागला. टाक्या व यंत्रे पुन्हा उभारता येतात. पण मालाची किंमत अखेर वाणाच्या उत्पादनक्षमतेवर ठरते, आणि ती क्षमता काही अंशी तीन ॲमिनो अम्लांच्या एका शेपटीवर अवलंबून असते. त्या शेपटीचे ज्ञान १९५५ साली उपलब्ध नव्हते. आता ते उपलब्ध आहे.