सुइणीची रोजनिशी

आपल्याकडच्या जुन्या सुइणी हिशेब तोंडी ठेवत. पॅटी सेशन्स ही बाई तो लिहून ठेवायची, म्हणून तर तिची-माझी गाठ पडली.

पॅटी १७९५ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मली, सुईणपण शिकली आणि पुढे मॉर्मन पंथात गेली. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८४४ मध्ये जमावाने ठार केले. १८४६ च्या फेब्रुवारीत इलिनॉयमधले नॉव्हू गाव सोडून ही मंडळी पश्चिमेकडे निघू लागली. निघताना मुलीने पॅटीला एक वही दिली.

वहीत काय आहे? अमकीला मुलगा, तमकीला मुलगी, आज हवा थंड, आज इतके मैल. कुणी किती पैसे दिले, तेही. खरे सांगतो, सुरुवातीला मला ती रूक्ष वाटली.

मग त्याच वर्षाची पुढची पाने आली. पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती आणि पॅटीचे यजमान डेव्हिड यांनी आदल्या वर्षी दुसरी बायको केली होती. सवत मुक्कामावर आली आणि एरवी एका ओळीत बाळंतपण उरकणारी ही बाई स्वतःच्या रडण्याबद्दल लिहू लागली. पंथाची आज्ञा तिला मान्य होती बरे का! श्रद्धा अढळ होती आणि रात्री झोपही लागत नव्हती. त्या हिवाळ्यात सवत नॉव्हूला परत गेली.

१८४७ च्या उन्हाळ्यात पॅटीने चार बैलांची गाडी स्वतः हाकत मिसुरी नदीपासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंत सुमारे १६०० किलोमीटरची वाट तुडवली. वय ५२! २४ सप्टेंबरला ती पोचली आणि दोनच दिवसांत बाळंतपणाला बसली. (खोरे काही निर्मनुष्य नव्हते, यूट आणि शोशोनी लोकांचा तिथे वावर होता. त्यांच्या सुइणींच्या वह्या मात्र आपल्यापाशी नाहीत.)

डेव्हिड यांनी १८५० मध्ये पुन्हा एक लग्न केले आणि त्याच वर्षी ते वारले. १८५१ च्या डिसेंबरात पॅटीने जॉन पॅरी यांच्याशी लग्न केले. त्या वेळी तिने देवाचे आभार मानले आहेत ते लाकडे फोडायला माणूस मिळाला म्हणून! १८५४ मध्ये पॅरी यांनीही दुसरी बायको केली.

पॅटीने फळबाग वाढवली, पैसा जोडला, म्हातारपणी बाउंटिफुल गावात पदरच्या पैशाने शाळा बांधली. १८९२ मध्ये ती वारली तेव्हा ९७ वर्षांची होती. तिच्या हातून झालेल्या बाळंतपणांचा आकडा ३९७७ सांगतात.