विहिरीवरचं झाकण



पाऊस उघडला की आशाताई घरोघरी फिरून हौद, रांजण, पिंपं बघायला लागते. "ताई, आत अळ्या झाल्यात, पाणी ओतून द्या," असं ती म्हणाली की आपल्या कपाळावर आठी येते. चार दिवसांनी नळ येतो, ते पाणी ओतून द्यायचं? हा वाद काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तो विहिरींवरून झाला होता.

हिवताप डासामुळे होतो हे कळलं तेच मुळी उशिरा. तोवर दलदलीच्या खराब हवेनं ताप येतो, असं डॉक्टरसुद्धा मानायचे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्या डासाला चावू देणारा रुग्ण होता हुसेन खान. एका डासाच्या चाव्याला एक आणा, असा त्याच्याशी ठराव होता. रॉसना पुढं नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव आपणच लक्षात ठेवायचं!

मग मुंबईत मलेरिया का हटत नाही, याचा तपास डॉ. चार्ल्स बेंटली यांनी केला आणि १९११ साली अहवाल दिला. सगळ्यांना वाटत होतं डास गटारात होतो. पण मुंबईत हिवताप पसरवणारा डास निघाला घराच्या आवारातल्या विहिरीतला आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्यातला. नगरपालिकेनं विहिरी बुजवा नाहीतर पक्क्या झाकून टाका, असं फर्मान काढलं.

लोक चिडले. पूजेला विहिरीचंच पाणी लागतं, असं हिंदू घरं म्हणू लागली. पारशी म्हणाले, आमच्या धर्मात विहिरीच्या पाण्याला उजेड दिसला पाहिजे. कुणाला विहिरीतल्या देवतेच्या, पिराच्या कोपाची भीती वाटली. नगरपालिकेतच काम करणारे रुस्तम मसानी यांनी विहिरींबद्दलच्या अशा समजुती गोळा करून १९१८ साली पुस्तकच छापलं. मला ते लोक अडाणी वाटत नाहीत. पाण्याशी माणसाचं नातं असतं, ते कागदी हुकमानं तुटत नाही. अशा वादातून जाळीच्या झाकणासारखी वाट निघते: पाणी राहतं, उजेड राहतो, डास तेवढा बाहेर राहतो. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे.

पुढं डीडीटी आलं. उत्तर कानडा आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात होते. तिथं १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर फवारणी सुरू झाली. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो, तिथंच मरतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं जात, असा अंदाज होता. १९५३ साली देशभर कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. केवढं मोठं काम! फवारणीवाले आले की फडताळं रिकामी करून, पीठ-मीठ झाकून अंगणात मांडायचं काम मात्र बायांचंच.

पण डासांना औषध पचायला लागलं, फवारणीही ढिली पडली. १९७६ साली रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. माझ्या मते त्या मधल्या वर्षांत आपण एक गोष्ट विसरलो. डास म्हणजे फवारणीवाल्याचं काम, असं धरून बसलो आणि झाकणाकडं पाहिनासे झालो.

आता डेंगीचा डास तर घरातलाच झालाय. दिवसा चावतो. रांजण, कूलर, कुंडीखालची ताटली, गोठ्यामागचं टायर, एवढ्याशा पाण्यात त्याचं भागतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घराघराशी शोषखड्डे करून सांडपाण्यातले डास हटवले. तसे खड्डे आपणही करावेत, पण रांजणातल्या डासाला त्यांचा काही अडथळा नाही.

उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा. आशाताईला सांगा, पाणी ओतत नाही, गाळते. दुहेरी फडक्यातून ते दुसऱ्या भांड्यात घ्या, फडक्यावरच्या अळ्या कोरड्या मातीत झटका, उन्हात मरतात. गुरांच्या मोठ्या हौदाला गप्पी मासे पुरतात. आणि रिकामा रांजण नुसता पालथा घालू नका, आतून काथ्यानं घासा. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याला चिकटून असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि रांजण पुन्हा भरला की फुटतात.