ढेलजेतील समीक्षक

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रयोगादाखल सुरू झालेली दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस पोहोचली. परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या मुलखात तिचे पाऊल उमटावयास त्यानंतर सुमारे एक तप जावे लागले, आणि ह्या विलंबाचा परिणाम केवळ कालगणनेपुरता राहिला नाही, तर येथील सामान्य प्रेक्षकाची अभिरुची कोणत्या भाषेत घडावी ह्याचा निवाडाही त्यानेच करून टाकला, असे मला वाटते. मुंबई-पुण्याकडील प्रेक्षक चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून बेतलेल्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’वर हसत, ‘गजरा’ आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ पाहत मोठा झाला. त्याची आवडनिवड आधी मराठीत तयार झाली आणि हिंदी मागाहून आली. वऱ्हाडात हा क्रम उलटा झाला.

ह्याचे मूळ प्रक्षेपणाच्या यंत्रणेत आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर १९८४ साली दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा असा धडाका लावला, की काही महिने दिवसागणिक जवळपास एक प्रक्षेपक कार्यान्वित होत होता. हे लहान प्रक्षेपक स्वतः काहीच निर्माण करीत नसत. उपग्रहावरून उतरलेला दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम झेलावा आणि भोवतालच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत पसरावा, एवढाच त्यांचा अधिकार. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. पंचवीस किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात जेमतेम एक सप्तमांश जिल्हा मावतो, आणि तोही मध्ये डोंगर आडवा आला नाही तर. जी गावे ह्या वर्तुळाबाहेर राहिली त्यांनी आपली सोय आपण लावली. धाब्याच्या घरावर लांब बांबू उभा करावा, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना बांधावा, खाली बूस्टर लावावा आणि संध्याकाळी घरातल्या एका पोराला वर चढवून बांबू नागपूरच्या दिशेने इंच-इंच फिरवावयास लावावे, हा त्या काळचा नित्याचा खटाटोप होता. वरचा विचारी, ‘आलं का?’, दारातला तोच प्रश्न आत पोहोचवी, आतून उत्तर येई, ‘मुंग्याच हायत अजून.’ ह्या तीन मुक्कामांच्या संदेशवहनात चित्र क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा पुसले जाई, कारण उत्तर वर पोहोचेपर्यंत बांबू पुढे सरकलेला असे.

दिल्लीहून आलेली हिंदी येथे परकी वाटली नाही, ह्याचे कारण मात्र यंत्रात नसून इतिहासात आहे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. वरिष्ठ कचेऱ्या आणि व्यापाराच्या पेठा ज्या प्रांतात होत्या, त्यात हिंदी आणि मराठी शेजारी-शेजारी नांदत होत्या. शिवाय जिल्ह्यात बंजारा, गोंड, कोलाम आणि केळापूरच्या बाजूला तेलुगू बोलणारे लोक. आठवड्याच्या बाजारात ह्या सर्वांच्या कामी येणारी मोडकी-तोडकी हिंदी कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणूनच ती सर्वांना सारखीच चालत होती. म्हणून मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ही मालिका ७ जुलै १९८४ पासून सुरू झाली, तेव्हा दिल्लीकर कुटुंबाच्या अडचणी समजून घेण्यास येथील माणसाला दुभाष्या लागला नाही. डिसेंबर १९८५ पर्यंत चाललेल्या ह्या मालिकेस देशभरातून चार लाखांच्या आसपास पत्रे गेली, असे तिचा अभ्यास करणाऱ्यांनी नमूद केले आहे. अशोककुमार भागाच्या शेवटी येऊन चार शब्द बोलत, तेही पुष्कळांना मालिकेहून अधिक आवडे. पण पत्र लिहिणारा प्रेक्षक हा एक वर्ग आणि पाहून झाल्यावर उठता उठता मत देणारा हा दुसरा. माझा विषय हा दुसरा आहे. त्याच्या मताला टपालहशील लागत नसे.

ते मत ढेलजेत दिले जाई. त्या काळी दूरचित्रवाणी संच घेणे हे कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून होते; १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू असल्याने पैसे हप्त्याहप्त्याने येत, आणि एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरी संच आला म्हणजे चुकारा झाला, हे गावाला न सांगता कळे. पोस्टात वर्षाचा परवाना भरण्याची पद्धतही तोवर होती. ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाली आणि त्याबरोबर कोणाच्या घरी संच आहे ह्याची सरकारी नोंदही संपली. वाड्याच्या ढेलजेत टेबलावर संच ठेवावा, घरची व मानाची माणसे आत सतरंजीवर, बाकीचा गाव अंगणात, आणि ज्यांना एरवीही उंबरठा ओलांडता येत नसे ते फाटकाशी उभे, अशी ती मांडणी असे. पडद्यावर राम शबरीची बोरे खात असताना अंगणातली ही जमाबंदी मात्र जशीच्या तशी राहत असे, हे त्या रम्य रविवारांचे स्मरण करणाऱ्यांनी सहसा लिहिलेले नाही.

रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ आणि बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० ह्या काळात रविवारी सकाळी दाखविले गेले. त्या वेळी रस्ते ओस पडत, इंजिनाला हार घातला जावा तसा संचाला हार घातला जाई, इत्यादी वर्णने सर्वत्र सारखी आहेत आणि ती पुन्हा करण्यात स्वारस्य नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की आमच्याकडील प्रेक्षक ह्या मालिकांपुढे कोरा बसला नव्हता. श्रावणात श्रीधराचे ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ पोथी म्हणून ऐकण्याची वहिवाट गावोगाव होती, कीर्तन होते, आणि गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर दंडार हे लोकनाट्य होते. त्यामुळे शहरातील समीक्षक जेव्हा ह्या मालिका संथ आहेत, एकेका मुखावर कॅमेरा फार वेळ थबकतो, अशी तक्रार करीत होते, तेव्हा ढेलजेतील म्हातारे त्या संथपणाला दोष मानीतच नव्हते. कीर्तनकारही पूर्वरंगात तास घालवतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा आक्षेप निराळाच असे. अमुक प्रसंग पोथीत असा नाही, तमुक ठिकाणी कथा उत्तरेकडची घेतली आहे, असे ते अधिकारवाणीने सांगत, आणि तसे सांगण्याचा अधिकार त्यांना होताही. आकाशात दोन बाण एकमेकांवर आदळून विझतात, ह्याला पोरे टाळ्या पिटत. म्हातारे म्हणत, दिवाळीचे फटाके बरे. चोप्रांचा कृष्ण मात्र सर्वांना पसंत पडला, आणि नितीश भारद्वाज हा मराठी माणूस आहे हे कळल्यावर तो थोडा अधिकच पसंत पडला.

पूर्वी गावच्या तंट्याचा निवाडा गोतसभा करी आणि त्याचा महजर लिहून ठेवला जाई, म्हणून आज तीन शतकांपूर्वीचे भांडण आपण वाचू शकतो. ढेलजेतील ह्या निवाड्यांचा महजर कोणी लिहिला नाही.

मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्फत राज्यभर पोहोचू लागले ते ऐंशीचे दशक संपता संपता, आणि खाजगी मराठी वाहिन्या आल्या त्या शतकाच्या शेवटी : १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ व २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’. ह्यांपैकी दुसरीचे बिऱ्हाड हैदराबादेजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होते; पांढरकवड्याच्या माणसाला हैदराबाद मुंबईहून कितीतरी जवळ असल्याने, आपल्या अंगणावरून गेलेल्या हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मराठी सासू-सुनांचे तंटे चित्रित होत आहेत, ही गोष्ट त्याला मौजेची वाटे. २००१ पासून सुमारे अकरा वर्षे चाललेल्या आणि तीन हजारांहून अधिक भागांच्या ‘चार दिवस सासूचे’ ह्या मालिकेने समीक्षेची जागा बदलली. रविवारी पाहिलेल्या गोष्टीवर ढेलजेत बसून बोलण्याइतकी सवड असे. रोज रात्री पाहिलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणीच बोलावे लागे. ते ठिकाण म्हणजे कपाशीचे शेत. सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागली, की ओटी बांधून एकेका तासाला लागलेल्या बाया हाताने बोंडे मोकळी करीत आणि तोंडाने काल रात्रीच्या भागाची चिरफाड करीत. मजुरी किलोमागे असल्याने हात थांबवून चालत नसे. म्हणून हे भाष्य त्रोटक, आणि त्रोटक म्हणून धारदार असे. ‘थे बाई निजतानी बी नथ नाही काढत का वं?’ ह्या एका प्रश्नात वेशभूषेवरचा एक संपूर्ण निबंध सामावलेला आहे. त्या घरात स्वयंपाकघर एवढे मोठे, पण चूल पेटलेली कधी दिसत नाही. पाऊस लांबला म्हणून कोणी काळजी करीत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या घरातली वीज कधी जात नाही.

हा शेवटचा आक्षेप वरवर विनोदी वाटेल, पण २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भाच्या ग्रामीण भागाने जे भारनियमन सोसले ते आठवले म्हणजे त्यातील तिखटपणा कळतो. संध्याकाळची वीज गेली, की नायिकेचा निर्णय अंधारातच राही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण असे, पण तेव्हा बाया शेतात. मग तालुक्याच्या गावी असलेल्या बहिणीला वा शाळेला सुटी असलेल्या मुलीला कथानक विचारून घेण्यात येई, आणि मालिका पाहण्यापेक्षा ऐकूनच अधिक माहीत असणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. मालिकांची गती इतकी मंद का ठेवतात, ह्याची अनेक विद्वत्तापूर्ण कारणे सांगितली जातात. चार दिवस वीज नसली तरी गोष्टीचा धागा सुटू नये, एवढा एक उपयोग त्या मंदपणाचा येथे निश्चित झाला.

ह्या सर्व काळात ह्या प्रेक्षकाचे मत मुंबईत कोणी मोजत नव्हते. टीआरपीच्या पेट्या शहरांतून बसविलेल्या असत. खेड्यांतील घरे धरून आकडे देण्याची व्यवस्था प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केली. २०११ च्या जनगणनेत २७,७२,३४८ लोकसंख्या भरलेल्या ह्या जिल्ह्याचा बहुतांश खेड्यांत राहतो. म्हणजे तीस वर्षे संच पाहणारा हा समुदाय जाहिरातदारांच्या दप्तरी जवळजवळ गैरहजर होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत मराठी वाहिन्यांवर गाव अवतरले : ‘रात्रीस खेळ चाले’तून कोकण, ‘तुझ्यात जीव रंगला’तून कोल्हापूर, ‘लागिरं झालं जी’तून सातारा. आकडे आणि कथानके ह्यांचा संबंध इतका सरळ असेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण योगायोगही इतका नेमका क्वचितच असतो. ह्या गावांतून तांबडा रस्सा होता, तालीम होती, समुद्र होता, कापूस नव्हता.

विदर्भाची म्हणून जी नायिका आली ती २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिका. भूमिका नागपूरकडच्या स्त्रीची, अभिनेत्री अनिता दाते नाशिकच्या. मालिका येथे आवडीने पाहिली गेली आणि तिच्या भाषेवर तितक्याच आवडीने वाद झाला. ‘आपल्या इकडे असं कोनी बोलते का बे?’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने, निदान ‘करून राहिली’ तरी म्हणते ना, असे तिच्या बाजूने सांगावे. माझे स्वतःचे मत दुसऱ्याकडे झुकते. त्याआधी आपली बोली मराठी वाहिन्यांवर ऐकू आली होती ती विनोदाच्या कार्यक्रमांतून. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी तो बाज अस्सलपणे आणला ह्यात वाद नाही, पण जिच्या तोंडी वऱ्हाडी ढंग आहे अशी बाई रडली तरी लोक हसत नाहीत, हे राधिकेने प्रथम दाखविले. ही गोष्ट लहान नाही.

वृत्तवाहिन्यांवर मात्र जिल्हा पुष्कळ आधी पोहोचला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांबरोबर कॅमेरे आले; २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या विदर्भ दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली तेव्हा आले; जुलै २००८ मध्ये राहुल गांधी यांनी मारेगाव तालुक्यातील जळका येथील एका शेतकरी विधवेचा उल्लेख लोकसभेत केला तेव्हा आले; २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातील दाभडीस नरेंद्र मोदी यांची ‘चाय पे चर्चा’ झाली तेव्हाही आले. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने तीच भेगाळलेली जमीन, तीच हार घातलेली तसबीर आणि दारात बसलेली तीच स्त्री दाखविली, आणि पाहणारा म्हणाला, की ह्यांना आमची हिरवी कपाशी दिसतच नाही का?

२०११ मध्ये केळापूर तालुक्यातील अशीच एक शेतकरी विधवा ‘कौन बनेगा करोडपती’त अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसली आणि ६ लाख ४० हजार रुपये जिंकून आली. पुढे २०१९ साली शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे ह्यांनी त्याच कार्यक्रमात एक कोटी जिंकले. ह्या प्रसंगी तरी ओट्यावरचा प्रेक्षक विरघळेल अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती फोल होय. त्याने प्रश्न किती सोपे-अवघड होते ह्याचा काथ्याकूट केला, मदतीचा फोन कोणाला लावावयास हवा होता ते ठरविले, आणि मग बक्षिसावर तीस टक्के कर आधीच वळता होतो हे कोणीतरी सांगताच, जन्मभर बाजार समितीच्या काट्यावर कापूस मोजून घेतलेल्या माणसाने विचारावा तो प्रश्न विचारला : ‘पन कटती किती गेली?’